हवालदारच्या मागे साळू

मुलुंड,
रविवार, १० नोव्हेंबर २०२४

ती. द्रौपदीअक्कास,
धोंडिरामचा जयभीम.

जाऊन आलो. महत्त्वाचं आधी सांगतो, म्हणजे पुढचं तुला निवांत वाचता येईल. तुझी दोन्ही गाढवं धडधाकट आहेत आणि एकाच आवारात आहेत. हवालदारने मला ओळखलं. साळूने ओळखूनही न ओळखल्यासारखं केलं. तिचं ते पहिल्यापासून तसंच आहे.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि नीलमने समोर बसून सांगितलं, तर आपली सून काहीतरी लपवतेय असं तुला वाटतं. म्हणून हा कागद. लॅबमधून सुटली की नीलम दुकानावरून जाते, तिच्याकडे देतो. उत्तर तिच्याच हाती पाठव.

जागा आरे कॉलनीच्या आत आहे. बस वळते तिथून पुढे कच्चा रस्ता, मग एक जुना म्हशींचा तबेला. या लोकांनी तो धुऊन पुसून घेतलाय. कुठून कुठून सोडवून आणलेली गाढवं आहेत, वाकोल्याची, मानखुर्दची, काही पार भिवंडीकडची. फाटकाजवळ मोठा बोर्ड, त्यावर एकेकाचा फोटो आणि खाली माहिती. हवालदारखाली लिहिलंय, 'शांत, समजूतदार, थोडा खोकला.' साळूखाली, 'लाजरी. हवालदारशिवाय राहत नाही.' अक्का, लग्नाच्या स्थळांबद्दलसुद्धा लोक इतकं खरं लिहीत नाहीत.

रुचिरा नावाची डॉक्टरीणबाई सगळं बघते. वय लहान आहे, पण आवाज न चढवता चार माणसं हलवते. मला म्हणाली, तुम्ही कोण? म्हटलं, मी यांचा मामा. ती हसली नाही. तिने वहीत 'मामा' असं लिहून घेतलं.

दत्तक द्यायचे नियम मी खोदून खोदून विचारले. ओझं लादायचं नाही, गाडीला जुंपायचं नाही, सावली पाहिजे, मोकळी जागा पाहिजे. आणि जोडी असेल तर जोडीनेच द्यायची. एकटं गाढव ते कोणालाच देत नाहीत. तेव्हा तुझी मुख्य काळजी मिटली.

तुझी भाकरी दिली. हवालदारने हुंगली, अर्धी खाल्ली, मग साळू त्याच्या मागून पुढे झाली. हवालदार थोडा खोकतो. बाई म्हणाली, थंडीचं आहे.

तुझा,
धोंडिराम


असल्फा,
१३ नोव्हेंबर

चि. धोंडिरामास,
अक्काचा जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र पोचलं. मी दोनदा वाचलं, मग शेजारच्या राधाला दाखवलं. विहारातल्या वर्गात तिनेच मला लिहायला शिकवलं, म्हणून तिला हक्क आहे. गाढवं दत्तक घेतात हे वाचून ती पदर तोंडाला लावून हसत होती.

मामा झालास ते बरं झालं. आता मामाचं काम कर. टेम्पो घेऊन ती डॉक्टर पोरगी आली होती तेव्हा मला ऐकू येत नाही म्हणून तिने कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं, दोघांना वेगळं करणार नाही. ते वाचून मी सही केली. नाहीतर केली नसती. ह्यांच्या मागे मला दोन जनावरं झेपत नव्हती हे खरं आहे. उकिरड्यावर जाऊन प्लॅस्टिक खायला लागली होती. गल्लीतले लोक बोलायचे, मला ऐकू यायचं नाही, पण तोंडं दिसायची. तरी त्या कागदाशिवाय माझ्या हातात आता काही नाही. तू तेवढं सांभाळ.

तुझे दाजी चढावर कधी पुढे चालले नाहीत. पुढे हवालदार. त्याच्या पाठीला हनुवटी लावून साळू. सगळ्यात शेवटी हे. विटा, रेती, सिमेंट, या टेकडीवरची निम्मी घरं त्या तिघांनी वर चढवली. खाली रस्त्यावर टेम्पो यायचा तो तुझ्याच दुकानाचा. म्हणजे तू त्यांचं खाल्लंयस हे विसरू नकोस.

दुकानात बोलतोस तसं तिथे गोड गोड बोलू नकोस. त्या पोरीने तुला वहीत लिहिलंय म्हणजे ती तुला ओळखून आहे.

तुझी,
अक्का


मुलुंड,
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास,
जयभीम.

आज पुन्हा गेलो होतो. तुला हसू येईल असं आधी सांगतो.

बोरिवलीहून एक जोडपं आलं होतं. चकाचक गाडी, सोबत मुलगी. त्यांना एक गाढव हवं होतं, वाढदिवसापुरतं नाही, कायमचं. मी बाकावर बसून चहा पीत होतो. माझे कान तुला माहीत आहेत, तुझ्या वाटणीचेही मलाच मिळालेत. रुचिराने विचारलं, ठेवणार कुठे? तो म्हणाला, आमच्या सोसायटीत पार्किंगच्या वर पोडियमला लॉन आहे. ती म्हणाली, मग लिफ्टने आणावं लागेल ना? अक्का, तो माणूस खरंच विचारात पडला. बायकोला म्हणाला, सर्व्हिस लिफ्ट मोठी आहे. रुचिराने त्यांना चहा पाजला, मुलीला गाढवाच्या मानेवरून हात फिरवू दिला आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं. ती मुलगी मात्र जाताना रडत होती.

आता खरी बातमी. शहापूरकडचं एक जोडपं तुझ्या दोघांना नेणार आहे. तो एसटीत मेकॅनिक होता, आता थोडी शेती करतो. मुलं पुण्यात. गोठा रिकामा पडलाय, म्हशी विकल्या. माणूस कमी बोलतो. बाईने एकच गोष्ट विचारली, ही ओरडतात का? रुचिरा म्हणाली, ओरडतात, लांबपर्यंत ऐकू जातं. बाई म्हणाली, "बरंय. घरात कोणीतरी आहे असं वाटेल." मी त्या क्षणी मनात ठरवलं, हेच घर.

गोठ्याचे पत्रे बदलून घेतील आणि डिसेंबरच्या मध्याला टेम्पो आणतील. तोपर्यंत मी दर रविवारी जातोच आहे. हवालदारला औषध चालू आहे. खोकला आहे, पण खातो.

तुझा,
धोंडिराम


असल्फा,
२८ नोव्हेंबर

चि. धोंडिरामास,
आशीर्वाद.

शहापूरची बाई मला आवडली. तिला सांग, हवालदारला सकाळी मीठ लावून भाकरी दिली की दिवसभर तो हट्ट करत नाही. साळूला काही सांगायला लागत नाही. तो असला की ती असते.

सोबत ह्यांची घोंगडी पाठवतेय. ओझ्याखाली पाठ सोलू नये म्हणून हे ती हवालदारच्या पाठीवर टाकायचे आणि रात्री तीच स्वतः पांघरायचे. मी किती भांडले असेन. धुतलेली नाही, मुद्दाम धुतली नाही. आरेत थंडी पडते म्हणे. त्याच्या अंगावर टाक. तो खोकतोय असं तू दोनदा लिहिलंस आणि दोन्हीदा लगेच दुसरं काहीतरी लिहिलंस. सिमेंटची धूळ मला कळते. ह्यांच्या छातीत तीच होती.

तू म्हणशील, अक्का, तू स्वतःच चल बघायला. नाही जमायचं. गुडघे उतरू देत नाहीत. ह्यांना खाली नेलं त्यानंतर मी उतरलेच नाही. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चार पोरांनी नेलं होतं, तू पुढे होतास. उतारावर माणूस पुढे पडू नये म्हणून खुर्ची उलटी धरतात, तोंड वरच्या बाजूला. त्यामुळे हे जाताना माझ्याकडेच बघत होते. पाण्याच्या टाकीपाशी वळेपर्यंत.

असो. दोघं एकत्र जाताहेत, माझं काम झालं.

अक्का


मुलुंड,
रविवार, १५ डिसेंबर २०२४

ती. अक्कास,
जयभीम.

मधला एक रविवार पत्र राहिलं, रागावू नकोस. दुकानात माल उतरत होता, शिवाय लग्नाच्या पत्रिका सुरू झाल्यात. एका लग्नात जेवणाला इतकी गर्दी की मी नवऱ्याच्या बापाला वाढपी समजून पापड मागितला. त्याने आणून दिला. माणूस चांगला होता.

तुझ्या मंडळींचं झकास चाललंय. घोंगडी हवालदारच्याच अंगावर आहे, काढलेली नाही. रुचिराबाई तुझी आठवण काढते. शहापूरच्या गोठ्याचं काम जरा लांबलंय, पत्रेवाला फिरकला नाही, त्यामुळे टेम्पो पुढच्या महिन्यात. घाई कशाला, जागा नीट होऊ दे.

आणि साळू आता बरीच धीट झालीय. आज मी भाकरी काढली तर आपणहून पुढे आली, माझ्या हातातून खाल्ली, मग हौदावर जाऊन पाणी प्यायली. हवालदार मागे सावलीत उभा होता, खुशाल बघत होता. म्हटलं, अक्काला कळवतो, तिची लाजरी सुधारली.

थंडी आहे. गुडघ्याला तेल लाव. नीलमकडे बाटली दिलीय.

तुझा,
धोंडिराम


असल्फा,
१६ डिसेंबर

धोंडिराम,

हवालदार कधी गेला?

साळू त्याच्या आधी भाकरीला तोंड लावत नाही. पाण्यालाही नाही. एका उन्हाळ्यात त्याचा पाय मुरगळला, तो हौदापर्यंत जाईना, तेव्हा तीही गेली नाही. जीभ बाहेर आली तरी नाही. शेवटी ह्यांनी बादली त्याच्या तोंडाशी नेली, तो प्यायला, मग ती प्यायली. इतकी वर्षं मी ते रोज बघितलंय. तो मागे सावलीत उभा आणि ही पुढे खातेय, असं होत नाही.

तुझं पत्र वाचायला घेतलं तेव्हाच पापडाच्या गोष्टीपाशी मला शंका आली. तुला काही सांगायचं नसलं की तू लग्नातली गोष्ट सांगतोस.

ह्यांच्या वेळी मला वर बसवून ठेवलं होतं. पाऊस आहे, पायऱ्या निसरड्या आहेत, तू उतरू नकोस, आम्ही वर आणतो म्हणालात. मी घर सारवून घेतलं. सामान भिंतीला लावलं. पांढरं पातळ नेसून बसले. राधा होती, बाया होत्या. आणि तुम्ही सगळे रिकाम्या हातांनी वर आलात. दवाखान्यातून परस्पर स्मशानात नेलंत. वर आणणं शक्य नव्हतं हे मला समजतं, मी वेडी नाही. पण दार उघडं ठेवून मी बसले होते, ते अजून तसंच आहे.

माझे कान गेलेत. डोळे आहेत. मला पुन्हा वर बसवून ठेवू नका.

काय झालं ते लिही. सगळं लिही.

द्रौपदी


मुलुंड,
मंगळवार, १७ डिसेंबर २०२४

ती. अक्कास,

सगळं लिहितो.

हवालदार सोमवारी, नऊ तारखेला गेला. पहाटे खाली बसला तो उठला नाही. छातीचंच होतं. पहिल्या दिवशीच रुचिरा मला म्हणाली होती की फुप्फुसं कामातून गेलीत, हिवाळा काढेल की नाही सांगता येत नाही. मी तुला थंडीचं आहे म्हणून लिहिलं. माझा हिशेब असा होता की शहापूरला जाईल, तिथे काय व्हायचं ते होईल, आणि तुझ्या मनात दोघं एकत्र राहतील. हिशेब चुकला.

सकाळी रुचिराचा फोन आला. म्हणाली, मामा, येणार असाल तर या. मी दुकान तसंच टाकून गेलो. मला वाटलं, खड्डा तयार असेल, पालिकेची गाडी आली असेल, साळूला दुसरीकडे बांधलं असेल. आपल्यात तसंच करतात ना, जवळच्या माणसाला आधी बाजूला घेतात.

तिथे तसं काहीच नव्हतं. हवालदार जिथे गेला तिथेच होता, घोंगडी अंगावर. साळू मोकळी होती. कोणीही तिला धरलेलं नव्हतं, कोणीही जवळ नव्हतं. सगळी माणसं लांब, आपापलं काम करत, हळू बोलत. मी म्हटलं, बाई, तिला का राहू दिलंय इथे? तेव्हा रुचिरा जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो.

"तिने बघायला पाहिजे, मामा. नाहीतर ती त्याला शोधत बसते. शोधत बसली की खाणं सोडते, आणि मग तीही जाते. आम्ही घाई करत नाही. वळायचं तेव्हा ती स्वतःच वळते."

मी बाकावर बसलो. साळू त्याला हुंगत होती. नाकाने ढोसत होती, मानेखाली, पोटाखाली, उठवायला बघावं तसं. दातांनी घोंगडी ओढली. एकदा ओरडली, अक्का, तो आवाज मी सांगत नाही. मग त्याच्या मागच्या बाजूला गेली, चढावर चालताना असायची तशी, आणि खाली वाकून हनुवटी त्याच्या पाठीवर ठेवली. ठेवून उभी राहिली. ऊन सरकत गेलं. मी दोनदा उठलो, तिला पाणी द्यावं म्हणून. रुचिराने हातानेच खाली बसवलं.

दुपार कलली तेव्हा तिने मान वर केली. थोडा वेळ तशीच थांबली. मग वळली आणि एकटी हौदाकडे गेली. पाणी प्यायली. पहिल्यांदाच एकटी प्यायली असेल. परत त्याच्याकडे गेली नाही. मग त्यांनी त्याला नेलं. घोंगडी काढू नका म्हटलं मी. तुला विचारायला हवं होतं.

तेव्हा पाणी पिताना बघितली तेच रविवारी तुला खुशाली म्हणून लिहिलं. माझ्या हातातून भाकरी खाल्ली हे मात्र खोटं. ती पाणी पिते, पण भाकरी हुंगून सोडते. हाडं दिसायला लागलीत. शहापूरची माणसं अजून हो म्हणताहेत, पण रुचिरा एकटीला देणार नाही. मानखुर्दहून एक लंगडा गाढव आलाय, कोवळा आहे, त्याला तिच्या शेजारी ठेवलंय. साळू त्याच्याकडे बघत नाही.

अक्का, रविवारी मी वर येतो. गोदामातले चार हमाल घेऊन येतो, भरवशाचे आहेत, काचेचं दार चौथ्या मजल्यावर चढवतात. खुर्ची आणतो. खाली गाडी असेल. साळूला तूच भेटायला पाहिजेस. नाही म्हणू नकोस.

धोंडिराम


असल्फा,
१९ डिसेंबर

चि. धोंडिरामास,
आशीर्वाद.

तुझं पत्र नीलमसमोरच वाचलं. ती रडली. तिला तू सांगितलं नव्हतंस हे बरं केलंस, तिच्या तोंडावर सगळं उमटतं.

घोंगडी गेली ते चांगलं झालं. ह्यांच्या अंगावर शेवटी काय घातलं होतं ते मला माहीत नाही. हवालदारच्या अंगावर काय होतं ते आता माहीत आहे.

त्या पोरीचं बोलणं मी पाटीवर उतरवून घेतलंय, साळूसाठी नाही. शोधत बसते म्हणाली ना ती. मी अजून दिवे लागायच्या वेळेला दारात येते आणि टाकीच्या वळणाकडे बघते. गाढवं नाहीत, माणूस नाही, तरी बघते. राधा विचारते, कोणाची वाट बघतेस? मी तिला सांगते, वारा घेतेय.

खुर्ची आण. येते. पण हमालांना सांग, मला उलटं धरायचं नाही. तोंड खालच्या बाजूला. पडले तर पडले. मला घराकडे बघत जायचं नाही, जिथे जायचं आहे तिकडे बघत जायचंय.

भाकऱ्या मी करून ठेवते. मीठ लावून.

अक्का


असल्फा,
२४ डिसेंबर

चि. धोंडिरामास,
आशीर्वाद.

हमालांना माझा निरोप सांग, त्यांनी खुर्ची नीट धरली. एकाने टाकीपाशी थांबून दम घेतला तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. तू बघितलंस, पण काही बोलला नाहीस. तुला गप्प बसता येतं हे मला माहीत नव्हतं.

तिथे तुम्ही सगळे लांब उभे होतात म्हणून तुम्हाला दिसलं नसेल ते सांगते. मी भाकरी पुढे केली तर साळूने तोंड फिरवलं. मग मी काय केलं, एक तुकडा स्वतः खाल्ला. तिच्यासमोर, सावकाश. कोणीतरी आधी खायला पाहिजे ना तिला. मग तिने दुसरा तुकडा घेतला. मग तिसरा. आम्ही दोघींनी मिळून दीड भाकरी खाल्ली.

त्यानंतर ती माझ्या मागे आली आणि खांद्यावर हनुवटी ठेवली. जड असते रे. ह्यांच्या हवालदारने हे ओझंही वाहिलं, विटांवर.

मी तिच्या मानेवर हात ठेवला होता. एकाएकी मान आतून थरथरायला लागली, पार माझ्या दंडापर्यंत. मी तुमच्याकडे बघितलं तर तुम्ही सगळे इकडेच बघत होतात, तू रुमाल काढला होतास. तेव्हा कळलं की ती ओरडतेय. खदानीतल्या सुरुंगांनी कान गेले तेव्हापासून मी कोणाचं रडणं ऐकलेलं नाही. ह्यांच्या वेळी बाया रडत होत्या, मला नुसती तोंडं उघडलेली दिसत होती. हे रडणं मला हाताने कळलं. पूर्ण कळलं. ती थांबेपर्यंत मी हात काढला नाही.

तो लंगडा कुंपणाशी उभा राहून बघत होता. बिचारा आहे. त्यालाही एक तुकडा द्यायला सांग त्या पोरीला, साळूच्या नंतर.

अक्का


मुलुंड,
रविवार, १९ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
जयभीम.

साळू आज शहापूरला गेली. तुला यायचं नव्हतं ते मी समजलो, आग्रह केला नाही. तुझ्या वतीने बघून आलो, आणि बघितलं तेवढंच लिहितो.

लंगड्याचं आणि तिचं कसं जुळलं ते मला कळलं नाही. रुचिरा म्हणते, तू येऊन गेल्यावर ती खायला लागली आणि मग एके दिवशी तो तिच्या मागे उभा दिसला. त्याचा पुढचा उजवा पाय कायमचा वाकडा राहणार, उतारावर त्याचा तोल जातो. म्हणून तो तिच्या पाठीवर हनुवटी टेकतो. साळू पुढे असते, अक्का. ती पुढे चालते. पायाखाली बघत, सावकाश, आणि मध्येच थांबून मागचा आलाय का ते बघते. हवालदार थांबायचा तशी.

शहापूरची दोघं टेम्पो घेऊन आली होती. बाईने तुझ्यासाठी घरची तूरडाळ पाठवलीय, नीलमकडे देतो. टेम्पोला फळी लावली आणि साळू फळीसमोर उभी राहिली. बराच वेळ. एका जागी. मागे लंगडा. आयुष्यभर मी माल चढवत आलोय, माझे हात शिवशिवत होते. माझ्यासारखे अजून दोघे-तिघे पुढे सरकले होते. रुचिराने कोणाला हात लावू दिला नाही. ते मेकॅनिकबुवा शांतपणे विडी ओढत बसले, जणू टेम्पोचं भाडं मिनिटावर नव्हतंच.

साळूने एकदा मान वळवून आवार बघितलं. जिथे हवालदार होता तिकडे. मग फळीवर पाय ठेवला आणि चढली. लंगडा तिच्या मागोमाग.

बोर्डावरून साळूचा आणि लंगड्याचा फोटो काढला. हवालदारचा आधीच काढला होता, तो आता सापडत नाही. रुचिराने साळूचा मला दिला, तोही पाकिटात आहे. 'हवालदारशिवाय राहत नाही' हे वाक्य तिने खोडलं नव्हतं. म्हणाली, ते खरंच होतं.

तुला दिलेलं वचन पुरं झालं नाही, दोघं एकत्र गेली नाहीत. माझ्याकडून जमेल तेवढं केलं.

तुझा,
धोंडिराम


असल्फा,
२१ जानेवारी

चि. धोंडिरामास,
आशीर्वाद.

फोटो भिंतीवर लावला, ह्यांच्या फोटोखाली. हवालदारचा असता तर मधे लावला असता. म्हणून थोडी जागा सोडलीय.

तू जे करायचं ते केलंस. शेवटी खरं लिहिलंस, ते मला पुरलं.

आता एक काम आहे. येत्या रविवारी खुर्ची पुन्हा आण. हमाल तेच आण, त्यांना उतार कळलाय. ह्यांना दवाखान्यातून जिथे नेलंत, खालच्या स्मशानात, तिथे मला घेऊन चल. ज्या चौथऱ्यावर ठेवलं होतं तो तुला माहीत असेल. तिथे आता काही नाही हे मला माहीत आहे. दीड वर्ष झालं, राख वाहून गेली, त्यानंतर किती जणांना तिथे ठेवलं असेल. तरी मला ती जागा बघायची आहे. तिथे हे होते, आणि मग नव्हते, एवढं मला माझ्या डोळ्यांनी एकदा समजून घ्यायचंय.

नीलम म्हणते, आई, तुम्हाला त्रास होईल. तिला मी समजावलंय.

तुलाही सांगून ठेवते. तिथे गेल्यावर मला उभी करा आणि लांब व्हा. पाण्याची बाटली पुढे करू नकोस. चल अक्का, उशीर झाला, असं म्हणू नकोस. माझ्या दंडाला धरू नका कोणी. मला किती वेळ लागेल मला माहीत नाही.

वळायचं झालं की माझी मी वळेन.

तुझी,
अक्का